फटफटीवरचे दोन साडू

मत्सर कुणाचा करावा याचीही एक रीत आहे. राजाचा कुणी करत नाही, तो फार लांब असतो. शेजाऱ्याचा करतात, भावाचाही करतात. पण ज्याला मत्सराची खरी तालीम घ्यायची असेल त्यानं साडूचा करावा. सासरा एक, सासू एक, जेवायला मांडलेले पाट शेजारी शेजारी. कुणाच्या पोळीवर तूप जास्त पडलं हे मान न वळवताही दिसतं. माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हसनाबादचा. मी ही तालीम त्याच्यावर बरीच वर्षं केली, आणि अजून अंगातली ताकद पुरती गेलेली नाही.

तो फटफटी आणण्याच्या आधी मात्र मी सुखी होतो. मी जालन्यात मस्तगडला राहायचो आणि कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून द्यायचो. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. राजूरला माझी सासुरवाडी; घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी, पण उर्दूचं एक अक्षर कुणाला येत नव्हतं. तहसिलीचा कागद आला की सासरे तो देव्हाऱ्यात गणपतीच्या पायाशी ठेवायचे, आणि मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचं नाही. मी यायचो, पाय धुवायचो, कागद हातभर लांब धरायचो आणि भुवया चढवायचो. सगळं घर श्वास रोखून उभं राहायचं. कागदात बहुतेक वेळा एवढंच असायचं की अमुक दिवशी चावडीवर हजर राहा. पण ते मी असं वाचायचो की सासऱ्यांना वाटावं, हा जावई नसता तर आज शेत गेलं होतं.

शिवाय मी थोरला जावई. पहिलं गंध मला, पहिला विडा मला, आणि घरात सोयरिकीचं काही निघालं की बोलायला पुढं मी. हा मान मला कुणी लिहून दिलेला नव्हता, तरी तो सातबाऱ्यापेक्षा पक्का होता.

एका चतुर्थीला मी असाच कागद हातात धरून भुवया चढवत होतो, तेवढ्यात गावाबाहेरून आवाज आला. कुणी गोफणीनं ढगच फोडतंय असा. आधी पोरं पळाली. मग बाया. मग राजूरच्या देवळापुढची दर्शनाची अर्धी रांग गणपतीला पाठ दाखवून वळली. आणि मग माझे सासरे उठले. तहसीलदाराचा शिपाई दारात आला तरी न उठणारे माझे सासरे, कागद तसाच माझ्या हातात ठेवून अनवाणी बाहेर पळाले. ओसरीवर मी उरलो आणि एक मांजर उरलं. मांजरही थोड्या वेळानं गेलं.

बाहेर साडू फटफटीवरून उतरत होता. डोक्याला कातडी टोपी, अंगात कुण्या साहेबाचा खाकी कोट, डोळ्यांवर कपबशीएवढ्या काचा. शिकंदराबादच्या छावणीतला एक गोरा विलायतेला परत निघाला होता, त्याची ही गाडी याच्या ओळखीच्या कापूस दलालानं मिळवून दिली होती. साडूनं काचा कपाळावर सरकवल्या. धुळीनं सगळं तोंड लाल, फक्त डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. माणूस घुबडासारखा दिसत होता, आणि माझी सासू त्याच्याकडं असं बघत होती जसा गाभाऱ्यातला देवच पेठेत उतरला.

"मीठ-मिरच्या आण गं जल्दी," सासूनं आत हाक मारली. "लोखंडालाबी नजर लागती."

आणि खरंच, तिनं त्या फटफटीवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. पुढच्या दिव्याला लिंबू बांधलं. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत माझ्यावरून कुणी एक मिरची ओवाळली नव्हती.

बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"असं तोंड का करून राह्यलात?"

"कसं?"

"कच्चं कारलं चावल्यावानी."

"मला कशाचा हेवा? धूर बघ किती सोडतीय ती."

"म्या हेव्याचं नाव तरी घेतलं का?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

त्याच दुपारी आणखी शोभा झाली. साडू जेवून घोरत पडला होता, गल्ली सामसूम होती. मी हळूच फटफटीजवळ गेलो. नुसतं बसून बघायचं, एवढाच विचार. टांग टाकली, आणि पोटरी नेमकी उन्हात तापलेल्या धुराच्या नळकांड्याला टेकली. ओरडायची सोय नव्हती. मी धोतराचा बोळा तोंडात धरून विहिरीपर्यंत एका पायावर उड्या मारत गेलो. संध्याकाळी सासू कोरफडीचा गर लावायला बसली.

"जावईबापू, चटका कशाचा बसला?"

"चुलीचा."

"जावई चुलीकडं कशाला गेल्ते?"

साडू कोपऱ्यात बसून माझ्या पोटरीकडं आणि मग बाहेर फटफटीकडं बघत होता. तो हसला नाही. हसला असता तर मी त्याला एखादवेळेस माफ केलं असतं.

आता फटफटीवाल्याकडं आमच्या मुलखात कसं बघायचे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं तेव्हा तेलावर चालणारी वस्तू रस्त्यावर आली की तिच्यात सरकार बसलेलं असायचं. दुसऱ्या कुणाकडं ती नव्हतीच. त्यामुळं फटफट ऐकू आली की शेतकरी बैलगाड्या रस्त्याखाली उतरवायचे, म्हातारे काठी बगलेत दाबून मुजरा करायचे, आणि ज्याच्या घरी काही लपवण्यासारखं असेल तो ते लपवायचा. फटफटीवर कोण बसलंय हे कुणी बघतच नव्हतं. फटफटी म्हणजे हाकिम, विषय संपला.

साडूला हे पहिल्या महिन्यातच उमगलं. एका गावात तो नुसता पाणी प्यायला थांबला, तर पाटलानं बाज टाकली, दूध आणलं आणि बांधाचं भांडण त्याच्यापुढं मांडलं. दोन्हीकडची माणसं हात जोडून उभी. याला धड सही करता येत नाही. यानं काचा न काढता सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "बराबर हाय. पाहू." आणि दोन्हीकडची माणसं समाधानानं घरी गेली! ही गोष्ट तो सासऱ्यांना रंगवून सांगायचा तेव्हा मी पानाला चुना लावत खाली बघत असायचो. दहा वर्षं मी हाकिमांना अर्ज लिहीत होतो. 'हुजूर, नवाजिश होगी, मेहेरबानी होगी' लिहून लिहून माझं बोट वाकडं झालं. आणि हा गडी दोन काचा लावून स्वतःच हुजूर झाला.

अशात मेव्हण्याच्या लग्नाचं निघालं. सासऱ्यांना दोन मुलींवर हा एकच मुलगा. पोरगा सरळ, लाजाळू, कष्टाचा. पण त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एक पत्रिकेवरून, दुसरीत मुलीकडच्यांना ऐनवेळी आणखी मोठं घर सापडलं. आता तिसरी मोडली तर पंचक्रोशीत बोलायला सुरुवात होणार होती की पोरातच काहीतरी खोट आहे. एकदा ते बोलणं सुरू झालं की मग कुणाचीच मुलगी दारात येत नाही. घरातल्या सगळ्यांनाच हे ठाऊक होतं, त्यामुळं ते तोंडानं कुणीच म्हणत नव्हतं.

तिसरं स्थळ आलं ते वऱ्हाडातलं. जालन्याहून देऊळगावराजाच्या वाटेला लागलं की पुढं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा. तो ओलांडला की आमची मोगलाई संपली आणि इंग्रजी मुलूख सुरू. भाषा मराठीच, जातपात तीच, ज्वारीही तीच. पण राज्य दुसरं, सिक्का दुसरा. आमच्या लोकांना ते विलायतेचंच अंगण वाटायचं. मुलगी मराठी चार इयत्ता शिकलेली. रीत अशी की आधी मुलाकडच्या दोघांनी जाऊन घर बघायचं, बोलणं करायचं. जमलं तर तिथंच सुपारी फोडायची.

"जावईबापू, तुमीच जा," सासरे म्हणाले. "बोलणं तुमचंच."

माझी छाती फुगली.

"पर धाकल्या जावयाच्या फटफटीवर बसून जा."

छाती बसली.

"मामा, वजन बोलण्यानं पडतं," मी म्हणालो.

"बोलणं घरात गेल्यावर. येशीतून आत जाताना तर फटफटीच दिसल ना? इंग्रजी मुलूख हाय त्यो. तिथं बैलगाडी घेऊन गेलं तर आपल्याला कोण इचारतं?"

निघायच्या दिवशी मेव्हण्यानं फटफटीच्या मागच्या लोखंडी जाळीवर स्वतःच्या हातानं घोंगडीची चौघडी बांधली. दाबून बघितली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग मला बाजूला घेऊन खाली बघत म्हणाला, "दाजी, तिला वाचता येतंय म्हनं. मला बी येतंय म्हणून सांगा. थोडंथोडं."

मी शेरवानी घातली, काळी टोपी घातली, टोपी उडू नये म्हणून हनुवटीखालून रुमाल बांधला. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसत होतो. साडूनं खालच्या दांडीवर लाथ मारली, फटफटी खाकरली, आणि मी दोन्ही हातांनी साडूला कवटाळलं. लग्नाच्या बायकोलाही मी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

पण पहिलं गाव लागलं आणि देव माझ्यावर प्रसन्न झाला. रस्त्याकडेच्या लोकांनी मुजरे केले, आणि माझ्या ध्यानात आलं की ते मला करतायत! चालवणारा तो डायवर, आणि मागं शेरवानीत बसलेला तो साहेब, हा त्यांचा साधा हिशोब. मी लगेच हनुवटीखालचा रुमाल सोडून खिशात टाकला, एका हातानं टोपी धरली आणि दुसऱ्या हातानं सलाम घेत निघालो. आता साडूला धरायला हातच उरला नव्हता. जीव गेला असता तरी चाललं असतं.

"काय करून राह्यलात मागं?" साडू ओरडला.

"काही नाही. तू पुढं बघून चालव."

नाक्यावर तर कळस झाला. दाढीवाला जवान धावत आला आणि मला म्हणाला, "हुजूर, तशरीफ रखिए, अभी फाटक खोलता." मग साडूकडं वळला. "ए डायवर, गाडी बाजू को ले! रस्त्यात क्यूं खडी किया?" साडूचं तोंड धुळीखालीही काळं पडलेलं मला दिसलं. मी फाटक उघडेपर्यंत शेरवानीची बटणं एकेक करून नीट केली, वरून खाली आणि मग खालून वर.

फाटक ओलांडलं, आणि अर्ध्या कोसात काहीतरी बिघडलं. लोक मुजरा करेनात. एक गाडीवान बैल खाली उतरवायचं सोडून आमच्याकडं बघून हसला. दुसऱ्यानं शिट्टी मारली. मुलीच्या गावात शिरलो तर वेशीपासून पोरांचा घोळका मागं लागला, आणि ती नाचत ओरडत होती, "कुव्यावाले आले! कुव्यावाले आले!"

साडूनं छाती काढली. "बघा," तो मागं तोंड करून म्हणाला. "इथंबी कशी गर्दी झाली!"

आमच्या मुलखात गर्दी जमली तर ती मानानं जमायची. हे त्याच्या हाडात बसलेलं होतं.

मुलीचं घर पाराच्या समोरच होतं. साडू पोरांच्या गराड्यात फटफटीशी थांबला, कुणाला दिवा दाखव, कुणाला भोंगा वाजवू दे. मी ओट्यावर गेलो. तिथं मुलीचे वडील बसले होते, शांत, जाड मिशांचे. त्यांच्या शेजारी लाल फेट्यातले मुलीचे मावसे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी मला बसा म्हटलं, पाणी दिलं. पण पाहुण्याला देतात तसा तांब्या-गडवा आणला नाही, वाटसरूला देतात तसं वरून ओंजळीत घातलं.

"तंबू कोठी लावला जी?" मावशांनी विचारलं.

"तंबू?"

"मंग खेळ कोठी करसान? अन् औंदा यात्रा सरल्यावर काहून आले तुमी? मांगच्या साली कुव्यात फटफटी फिरवनारा आला होता, लय गर्दी झालती. तुमी थे मचानावर उभं राहून भोंग्यातून वरडनारे ना? शेरवानीवरून समजलं मले."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंग्रजी मुलखात साहेब मोटारीतून फिरायचे. सर्विस मोटारी धावायच्या, तेलाच्या गाडीचं कुणाला नवल नव्हतं. फटफटी मात्र या गावानं आयुष्यात एकदाच बघितली होती, यात्रेतल्या मौत के कुव्यात, फळ्यांच्या गोल भिंतीवर गरगर फिरताना. नाक्याच्या अलीकडं फटफटीवाला म्हणजे हाकिम; पलीकडं तोच तमासगीर. राजूरचे पाहुणे म्हणजे जमीनजुमल्याची माणसं. ती दमणीतून, बैलांच्या गळ्यात घुंगरं वाजवत येणार, अशी ही मंडळी सकाळपासून वाट बघत होती. त्यामुळं आम्ही ते पाहुणे असू हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

एक वाक्य पुरलं असतं. 'आम्ही राजूरहून आलो, मुलाचे दाजी.' ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी पुन्हा ओंजळ पुढं केली आणि त्या वाक्यावर पाणी प्यालो.

काय सांगू, इतकं गोड पाणी मी कधी प्यालो नाही. समोर माझा साडू, हसनाबादचा हुजूर, बांधाच्या भांडणाचा निवाडा करणारा, पोरांमध्ये उभा होता आणि सगळं गाव त्याला तमासगीर समजत होतं. मला भोंग्यातून ओरडणारा म्हणाले होते, ते मी तेवढ्यापुरतं सोडून दिलं. माझं नाक कापलं गेलं तर गेलं, त्याला तर पुरता अपशकुन झाला होता!

"हात सोडून चालोते का थो?" मावशांनी विचारलं.

"विचारून बघा," मी म्हणालो. देवा, मी असं म्हणालो.

मावसे उठून पाराशी गेले आणि म्हणाले, "भाऊ, जरा फिरून दाखवा ना गावाले." साडूला वाटलं, व्याह्यांकडचा मान. त्यानं काचा खाली ओढल्या, लाथ मारली आणि पाराभोवती फेरी घेतली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला त्यानं एक हात सोडून सलाम केला. तिसऱ्या फेरीला दोन्ही हात सोडले, छातीवर घडी घातली आणि मान वर करून असा फिरला जसा सुभेदार फौज बघतोय. लोक पारावर चढले. कुणीतरी हलगी आणली.

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, मुलीच्या आजीचा. "थे राजूरचे पाहुने आले नाई का रे अजून?"

"येतील माय," मुलीचे वडील म्हणाले. "बैलं थकली असतील." मग माझ्याकडं वळून मोठ्या काळजीनं विचारलं, "तुमी त्याच रस्त्यानं आले ना जी? दमणी दिसली का एखांदी?"

आता पाणी संपलं होतं.

"आम्हीच ते," मी म्हणालो.

हलगी वाजत होती. साडूची चौथी फेरी चालू होती. मुलीचे वडील माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मग फटफटीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"थो फटफटीवाला?"

"धाकटा जावई."

"अन् तुमी?"

"थोरला."

मावसे परत आले, त्यांना हे कळलं, आणि त्यांचा आवाज आणखी वाढला. "वा रे सोयरीक! एक जावई डोंबाऱ्यावानी गरगर फिरून राह्यला, अन् दुसरा इथं बसून मजा पाहून राह्यला. मंग पोरगा काय, दोरीवर चालते?"

मुलीचे वडील भला माणूस. ते एवढंच म्हणाले, "विचार करून कळवतो जी." सोयरिकीच्या बोलण्यात याचा अर्थ काय होतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. तो अर्थ मी दोनदा राजूरला घेऊन गेलो होतो. दोन्ही वेळा मेव्हणा उठून बैलांना वैरण घालायला गेला होता. आज तो तिसऱ्यांदा उठणार होता, आणि या खेपेला ना पत्रिका आडवी आली होती ना मोठं घर. या खेपेला मी होतो. माझ्या बुडाखाली तासाभरापूर्वीपर्यंत त्यानं बांधलेली घोंगडी होती, आणि मी त्याचं 'थोडंथोडं' अजून सांगितलंही नव्हतं.

मी मुलीच्या वडिलांना गोठ्याकडं बोलावलं. दहा वर्षं लोकांचे अर्ज लिहिले; स्वतःचा अर्ज पहिल्यांदाच करत होतो, आणि भाषा सगळी पळून गेली.

"तो चांगल्या घरचा कापूस पिकवणारा माणूस आहे," मी म्हणालो. "खेळ-तमाशाशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही मान देताय असं समजून तो फिरला. चूक त्याची नाही. तुम्ही तंबूचं विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं, तुम्ही आम्हाला काय समजताय ते. मी मुद्दाम गप्प बसलो."

"काहून?"

मी गाईच्या शेपटीकडं बघितलं. "तो माझा साडू आहे."

मग त्यांच्या जाड मिशा एका बाजूनं हलल्या. त्यांनी गोठ्याच्या दारातून ओट्याकडं बोट केलं, जिथं लाल फेटा हात उडवून चार माणसांना काहीतरी समजावत होता.

"थो माहा साडू," ते हळूच म्हणाले. "मांगच्या साली त्यानं तबकडीचा फोनो आनला. तवापासून माह्याच घरात मले कोनी विचारत नाई. आज बी बोलनं करायले माह्या बायकोनं त्यालेच बलावलं."

आम्ही दोघं गाईजवळ उभे राहिलो. एकमेकांना धीर द्यावा अशी ती वेळ होती, पण दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता मी मेव्हण्याचं सगळं सांगितलं: कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, वाचता येतं, थोडंथोडं. ते 'थोडंथोडं' ऐकून ते थांबले. "असं त्यानं सोता सांगाले लावलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खोटं सांगणारा पोरगा 'पुरतं येतं' म्हणाला असता, असं म्हणून ते आत गेले.

आत काय झालं ते मला दिसलं नाही. आजी बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली की पोरगी सकाळपासून रडत होती, आता खिडकीपाशी बसून हसून राह्यली, तर मंग फोडा सुपारी. मावशांनी तोंड वाकडं केलं. पण म्हातारीपुढं लाल फेट्याचं काही चाललं नाही.

सुपारी फुटली. साडूला आत बोलावलं, गूळ दिला, आणि या वेळी तांब्या-गडवाही आला. मधल्या वेळात काय घडून गेलं याचा त्याला पत्ताच नव्हता.

राजूरला पोचल्यावर फटफटी थांबायच्या आतच त्यानं सुरुवात केली. "मामा, म्या दोन्ही हात सोडून चार फेऱ्या मारल्या, अन् तिथंच सुपारी फुटली! पोरगी खिडकीतून बघत हुती." सासऱ्यांनी त्याला मिठी मारली. सासूनं पुन्हा मीठ-मिरच्या आणायला सांगितल्या, या वेळी त्याच्यावरून. मेव्हणा माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली, तसा तो पळत गोठ्यात गेला, आणि तिथून त्याची शीळ ऐकू आली. बायकोनं विचारलं, "तुमी काय केलं तिथं?"

काय सांगणार? जे मोडलं तेही मी आणि जे सावरलं तेही मी. एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागलं असतं.

"पाणी प्यालो," मी म्हणालो.

लग्न मुलीच्या गावी झालं. वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढं फटफटी होती, आणि सगळं गाव नवरदेव सोडून फटफटी बघायला लोटलं होतं. मग जावयांच्या मानाची वेळ आली. मुलीकडच्यांनी फेटे बांधायचे; पहिला थोरल्या जावयाला, ही रीत. सासरे उभे राहिले आणि भर मांडवात म्हणाले, "पहिला आज धाकल्याला बांधा. त्याच्यामुळं जमलं."

मी हसलो. हसणं भाग होतं; बायको बघत होती.

मुलीच्या वडिलांनी साडूला फेटा बांधला. मग माझ्याकडं आले. फेट्याचा पहिला पेच घालताना त्यांचं तोंड माझ्या कानापाशी आलं.

"मुन्शीजी, माह्या साडूनं मांडवात फोनो लावला. ऐकू येऊन राह्यला ना?"

"येऊन राह्यला."

"कसा वाटते?"

मी जरा कान दिला. कुणी बाई नाकातून गात होती, आणि तबकडी मध्येच कुठंतरी अडखळून पुन्हा मागं येत होती.

"अगदी भिकार," मी म्हणालो.

"हाव ना?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं जसं मुलीचं लग्न आत्ता कुठं पार पडलं. आणि मग त्यांनी माझा फेटा साडूच्या फेट्यापेक्षा चांगला चार बोटं उंच बांधला.